अर्ध्या ताटाचे दिवस

सासूबाईंच्या नाकात नळी होती त्या महिनाभरात मी त्यांना खोटं खोटं जेवण वाढत असे. नळीतून जायचं ते रोज एकच: दूध, अंडं, मुगाची डाळ, थोडा रवा, सगळं शिजवून, मिक्सरमधून काढून, दोनदा गाळलेलं, फिक्या पिवळ्या रंगाचं काहीतरी. दर दोन-अडीच तासांनी मी ते मोठ्या सिरिंजमधून हळूहळू सोडायचे. पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचललेली असायची, खिडकीतून नॅशनल पार्कच्या झाडांचा हिरवट उजेड आत यायचा, आणि त्या डोळे मिटूनच विचारायच्या, आज काय आसा?

आज बांगडा, मी सांगायचे. तिरफळं घातलंस? घातली. किती? चार. यावर त्या ‘बरा’ म्हणायच्या, आणि सिरिंजमधला तो पिवळा पट्टा खाली उतरत राहायचा. कधी मी सोलकढी वाढायचे, कधी कुळथाची पिठी. एकदा तर वाटपासकट कोंबडी-वडे वाढले आणि वडे कसे टम्म फुगलेत ते वर्णनही केलं. त्या चव घेत असल्यासारखे ओठ हलवायच्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि माझ्या कालवणाला त्यांनी पहिल्यांदाच नावं ठेवली नव्हती, तेही मी न केलेल्या.

त्यांना झटका आला तो सकाळी देवापुढे वात लावताना. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा थांबला आणि डावा हात, डावा पाय गेला. बोलणं राहिलं, उजवा हात राहिला. गिळणं मात्र बिघडलं. पाण्याचा घोट घशात उतरायचा तो वाट चुकून श्वासनलिकेकडे वळायचा, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली, आणि त्या नळीसकट आम्ही त्यांना बोरिवलीला घरी आणलं. निघताना डॉक्टर म्हणाले होते की डाव्या बाजूकडे यांचं लक्ष कमी आहे, तुम्ही तिकडे बसून बोलत जा. आम्ही ते हातापायाबद्दल धरलं. हात उचलून उशीवर ठेवायचो, पायाला तेल चोळायचो. मी माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकली आणि अंधेरीच्या ऑफिसचं काम तिथूनच करू लागले. डावी बाजू आपण सांभाळली, असं समजून आम्ही निर्धास्त झालो.

आणखी एक गोष्ट झाली होती. पन्नासहून जास्त वर्षं मुंबईत काढून त्यांची मालवणी बरीच झिजली होती. झटक्यानंतर ती सगळीच्या सगळी परत आली, अगदी लहानपणची. आमच्या इमारतीमागे लगेच डोंगर चढायला लागतो. दुपारी तिथे पोपट ओरडायचे आणि त्यांना वाटायचं, आपण गावच्या खळ्यात आहोत. शेजारच्या घरात कुकरची लांब शिट्टी झाली की मात्र त्या गिरणगावात पोचायच्या, कारण ती शिट्टी म्हणजे गिरणीचा भोंगा. ‘मेंबर इले काय गो?’ त्या विचारायच्या. मी म्हणायचे, येतायत, हातपाय धुतायत. खरं सांगायचं तर त्या दुपारी मलाही नीट ठाऊक नसायचं की मी कुठे आहे. अर्धवट झोपेत माणूस दोन-तीन ठिकाणी एकदम राहू शकतो.

मेंबर म्हणजे खाणावळीचे मेंबर. सासरे गिरणीत होते आणि सासूबाई लालबागच्या खोलीत खाणावळ चालवत. गावाकडून एकटे आलेले पंधरा-वीस कामगार पाळीपाळीने जेवायला यायचे. ती माणसं भिंतीला पाठ लावून ओळीत बसायची आणि या समोरून वाढत जायच्या. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, ही ताटाची डावी बाजू. मग भाजी, कालवण, ही उजवी. मधे भात. वाढलेलं पान हलवायचं नाही, फिरवायचं तर मुळीच नाही. आणि काही झालं तरी अर्धवट वाढलेल्या पानावर माणसाला बसवायचं नाही, कारण तो बापडा संकोचाने मागणार नाही आणि उपाशी उठेल.

जेवणं झाली की त्या उष्टी ताटं वाचायच्या. भात टाकला म्हणजे गावाहून वाईट पत्र आलंय. मासा टाकला म्हणजे अंगात ताप आहे. कोशिंबीर जशीच्या तशी राहिली म्हणजे वाढणारीवर राग आहे. मी घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा गिरणी आणि खाणावळ दोन्ही बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, बिऱ्हाड बोरिवलीला आलं होतं, पण स्वयंपाकघरात कायदा खाणावळीचाच होता. ताटं वाचायला मला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं, आणि माझ्या हातची कोशिंबीर टाकून प्रात्यक्षिकही करून दाखवलं गेलं. या घरात कोणी तोंडाने भांडत नाही. ताटात टाकून भांडतात.

महिन्याने गिळण्याची तपासणी झाली आणि नळी निघाली. हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ म्हणजे पंचविशीतली एक मुलगी होती, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं भराभर. तिने मला जेवण नव्याने शिकवलं. भात गुरगुट्या. पातळ काही नाही, पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. घास लहान, हनुवटी खाली, एका घासाला दोनदा गिळायचं, आणि जेवण झाल्यावर डाव्या गालात काही अडकलंय का ते बोट घालून बघायचं. शिवाय अंडं, दही, पनीर, मासा, डाळ यातलं काही ना काही प्रत्येक जेवणात पोटात गेलंच पाहिजे. अंग झिजत राहिलं तर व्यायाम घेऊन उपयोग नाही, जखमा भरत नाहीत, मेंदूही उभारी धरत नाही, असं ती म्हणाली. सोसायटीतल्या बायका नारळपाणी घेऊन आल्या, कोणी पेज पाठवली. मी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं आणि तुसडी म्हणून नाव कमावलं. मला त्याची पर्वा नव्हती.

नळी निघाली त्या दिवशी सासूबाईंनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. त्यांची पकड अजून खाणावळवालीची होती. ‘माका परत नळी घालू नको गो,’ त्या म्हणाल्या. ‘उपाशी मेलंय तरी चलात. जिभेक काय कळना नाय, ता कसला जेवान?’ मी म्हटलं, नाही घालणार. मग त्यांनी मला तीनदा तेच म्हणायला लावलं आणि मी तीनदा म्हटलं. नवरा दारात उभा होता. तो स्वभावाने शांत आहे, म्हणजे घरात काही गंभीर बोलणं निघालं की त्याला पंख्याच्या बटणाची काळजी वाटू लागते. तो बटण बघायला निघून गेला, आणि वचन माझ्या एकटीच्या अंगावर राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचंच जुनं स्टीलचं ताट काढलं. उजवीकडे भाजी आणि काटे काढून कुस्करलेल्या माशाचं दाट कालवण. मधे भाताची मूद. अंड्याचा लगदा, दह्यातली भोपळ्याची कोशिंबीर, कुस्करलेलं पनीर यांना उजवीकडे जागा उरायची नाही. तशीही ती सगळी तोंडीलावणीच, म्हणून डावीकडे, चटणीच्या शेजारी. त्या चमच्याने हळूहळू जेवायच्या, मधेच विसरायच्या, चमचा हवेत धरून डोंगराकडे बघत राहायच्या. पाऊण तासाने म्हणायच्या, झाला. मी ताट उचलून बघायचे.

डावी बाजू जशीच्या तशी असायची. लगद्यावर चमचा टेकलेलासुद्धा नसायचा. भाताची मूद मधोमध सुरीने कापल्यासारखी, उजवी अर्धी गेलेली, डावी अर्धी उभी. मी म्हणायचे, आई, हे राहिलं. ‘जेवलंय की सगळा,’ त्या म्हणायच्या आणि समाधानाने मान मागे टेकायच्या. वर कधीकधी विचारायच्या, ‘कोशिंबीर करूक नाय आज?’

कोशिंबीर त्यांच्यासमोर असायची. मी ती सकाळी उठून केलेली असायची, भोपळा वाफवून, दही घट्ट बांधून, साखर-मीठ तोलून. आणि माझ्या तोंडावर विचारायचं, केली नाहीस का? मला सव्वीस वर्षांचं ताट वाचायचं शिक्षण होतं. त्याचा अर्थ मला लख्ख कळला. जे जे माझं, जे आहारतज्ज्ञाने सांगितलेलं, नवीन, घाटी, ते टाकायचं, आणि जे खाणावळीतलं तेवढं खायचं, तेही निम्मं. आजारी माणसाचा स्वभाव बदलतो म्हणतात. यांचा उलट घट्ट झालाय, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्यावर रागावली असेल. कशाबद्दल, मी विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं, पण दोघांनाही ते अगदी शक्य वाटलं.

मग मी हट्टाला पेटले. कोशिंबीर रोज बदलली: बीट, काकडी किसून, पिकलेलं केळं दह्यात. पनीरला त्यांच्या पद्धतीचं वाटप लावलं. अंड्यात तिरफळ घातलं, जे कोणी शहाणा माणूस घालणार नाही. ताट परत यायचं ते तसंच, अर्धं रंगीत, अर्धं रिकामं. सकाळी केस विंचरायला फणी दिली तर त्या उजवीकडचेच विंचरायच्या, पावडर उजव्या गालाला लावायच्या. मला वाटायचं, हात दमतो. तिथे मला कधी राग दिसला नाही. फक्त ताटात दिसायचा.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमध्ये खुर्चीच्या काट्यावर वजन केलं, तर ते उतरलं होतं. आहारतज्ज्ञ नेहमीपेक्षा हळू बोलली. पुढच्या पंधरवड्यात असंच उतरलं तर डॉक्टरांना पुन्हा नळीचा विचार करावा लागेल, पाठीवर जखम व्हायला लागलीय, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं नाही. रिक्षात म्हणाल्या, मी तर सगळा जेवतंय.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती दुपार आली. पोपट ओरडत होते, कुकरचा भोंगा होऊन गेला होता. त्या दिवशी मी डाळीत पनीर, भातात अंडं असं सगळं लपवालपवी करून ठेवलं होतं, तरी डावीकडे कोशिंबीर होतीच, कारण डावी बाजू रिकामी ठेवायला माझा हात धजला नाही. त्यांनी चमचा ठेवला. झाला, म्हणाल्या. अर्धी मूद उभीच होती. मग म्हणाल्या, ‘आज पण कोशिंबीर नाय.’

‘नळीच बरी होती,’ मी म्हटलं. ‘निदान टाकता तरी येत नव्हतं तुम्हाला.’

हे वाक्य मी बोलले. ते आजही माझ्या कानात आहे, आणि ते कोणी दुसऱ्याने ऐकलं नाही याचंही मला बरं वाटतं, हे कबूल करते. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त उजवा हात उठून नाकाकडे गेला आणि नळी होती त्या जागी थांबला. माझ्याने ते बघवेना. मी ताट उचललं, दोन पावलं गेले, आणि वाटलं की अन्न घेऊन असं रागाने उठणं बरं नाही. वळले, ताट परत त्यांच्या पुढ्यात ठेवलं. कसं ठेवलं ते बघितलंही नाही. ते अर्धं फिरून ठेवलं गेलं होतं, डावी बाजू उजवीकडे.

त्या ताटाकडे बघत राहिल्या. ‘ह्या कधी वाढलंस?’ त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नवल होतं. मग चमचा घेऊन त्यांनी कोशिंबीर खाल्ली. चांगली झालीय म्हणाल्या. उरलेली अर्धी मूद खाल्ली, लगदा खाल्ला, ताट पुसून काढलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, आणि मला अजून काही कळलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की त्या भुकेल्या होत्या. कितीतरी दिवस भुकेल्या होत्या.

आहारतज्ज्ञाला फोन केला. तिने समजावून सांगितलं. डोळे ठीक आहेत त्यांचे. पण डावी बाजू म्हणून काही असतं, हेच मेंदूच्या हिशोबातून गेलंय. ताटाचा उजवा अर्धा म्हणजेच त्यांना पूर्ण ताट. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच सगळं संपलेलं दिसत होतं. नळी असताना ताटच नव्हतं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. ती म्हणाली, अर्धं झालं की ताट फिरवा, डाव्या कडेला तांबडी पट्टी चिकटवा, ती सापडेपर्यंत नजर तिकडे न्यायला लावा. फोन ठेवून मी खोलीत आले आणि माझी खुर्ची बघितली. त्यांच्या डाव्या हाताला. जवळजवळ दीड महिना मी तिथे बसून त्यांच्याशी बोलत होते आणि त्यांना मी दिसत नव्हते. कोणीतरी बांगड्याचं कालवण झालंय म्हणून सांगतंय, असा नुसता आवाज. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ रडले, अगदी त्यांच्याशेजारी, आणि त्यांना तेही दिसलं नाही.

आता सगळं सोपं होईल, असं वाटलं. झालं नाही. ताट फिरवायला हात लावला की त्या अंगठा कडेवर दाबून धरायच्या. ‘वाढलेला पान कोण फिरवता काय?’ मी सांगायचे, आई, डाव्या बाजूला राहिलंय. त्या म्हणायच्या, माझी डावी बाजू बरी आसा. तांबड्या पट्टीबद्दल विचारलं तर कसली पट्टी. त्यांचा डोळा चुकवून ताट फिरवलं तर त्यांना वाटायचं, मी गुपचूप दुसऱ्यांदा वाढतेय, आणि त्या ताटावर आडवा हात धरायच्या. खाणावळीत आग्रह चालत नसे. आग्रह म्हणजे माणसाला त्याचं पोट कळत नाही असं म्हणणं. सगळं उजवीकडे वाढून बघितलं, तर त्या गर्दीतलंही उजवं टोक तेवढं खायच्या, म्हणजे अर्ध्याचं अर्धं. दिवस जात होते. पाठीवरची जागा लाल होती. वजनाचा दिवस कॅलेंडरवर माझ्या नवऱ्याने गोल करून ठेवला होता, आणि त्या गोलाकडे आम्ही दोघं बघायचं टाळायचो.

मग एक दिवस भोंगा झाला आणि मेंबर आले नाहीत. मी म्हटलं, आज सुट्टी आहे त्यांना. त्यांनी थोडा विचार केला. तू जेवलंस? मी म्हटलं, नाही, तुमचं झाल्यावर. ते खरंच होतं. मी नेहमीसारखी सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच जेवत होते. ‘बस,’ त्या म्हणाल्या. ‘मी वाढतंय.’

पलंगाला लावायचं टेबल मधे होतं. मी समोर स्टूल घेऊन बसले, ताट ठेवलं आणि भांडी त्यांच्या उजव्या हाताला मांडली. त्यांनी मीठ घेतलं. समोरून वाढायची त्यांच्या हाताला जन्माची सवय, म्हणून माझी डावी बाजू म्हणजे त्यांची उजवी. मीठ अगदी जिथे पडायला हवं तिथे पडलं. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. हात चुकत नव्हता. मग भाताची पाळी आली, आणि भात मधे न पडता कोशिंबिरीला खेटून पडला. भाजी चटणीवर पडली. कालवण लिंबावरून ओघळलं. माझ्या ताटाच्या एका अर्ध्यात सगळा स्वयंपाक दाटीवाटीने बसला होता आणि दुसरं अर्धं स्टील कोरडं, खिडकीचा हिरवा उजेड पडलेलं. त्यांनी ओगराळं ठेवलं. जेव, म्हणाल्या.

मी माझं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धं फिरवलं.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या समोर आता रिकामं ताट होतं. ‘मी तुका काय वाढूकच नाय?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाढलंत, आई. आहे ताटात. त्या परत परत बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि बोटं त्या कोरड्या स्टीलवर टेकवली. हात सरकू लागला, रिकाम्या भागावरून हळूहळू डावीकडे, जिथे त्यांच्या लेखी काहीच नव्हतं तिथे. बोटं भातात शिरली. भात गरम होता. त्यांनी हात मागे घेतला नाही. बोटांमागोमाग मान वळली, मानेमागोमाग डोळे, आणि त्यांनी तो भात बघितला.

‘भात हयसर होतो?’

होय, मी म्हटलं.

खूप वेळ त्या बोटांना लागलेला भात बघत होत्या. ‘माझ्या पानात पण असाच होता काय गो?’

‘रोज, आई. कोशिंबीर मी रोज केली होती.’

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या रडताना मी आधी कधी बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. स्वतःसाठी रडत होत्या असं मला वाटत नाही. स्वतःचं अर्धं ताट त्यांना मी पंधरा वेळा दाखवलं होतं, ते त्यांनी मानलं नव्हतं. पण खाणावळीच्या इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कोणाला अर्धं पान वाढलं गेलं नव्हतं, आणि आज मला वाढलं गेलं, हे त्यांना सोसवेना. मी म्हटलं, त्या दिवशी नळीबद्दल मी जे बोलले ते बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, तू ताट वाचून बोललंस, मी शिकवल्यासारखा. आणि मग, अजून रडतच, त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं, कडेवर बोट ठेवलं आणि ते बोट फिरवत फिरवत पूर्ण वाटोळं नेलं. जिथे बोट जाईल तिथे नजर ओढून न्यायची. भाजी उचलून तिच्या जागी ठेवली, कालवण भाताजवळ आणलं. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली. भात निवला. मी तो जेवले.

तेव्हापासून तशी पद्धतच पडली. आधी त्या माझं पान वाढायच्या, कडेवर बोट फिरवून खात्री करायच्या, मग तसंच बोट स्वतःच्या ताटावरून फिरवायच्या. अर्धं झालं की ताट आपणच फिरवायच्या. कायदा मोडताना तोंडाने काहीतरी पुटपुटायच्या, बहुतेक माफी मागत असाव्यात, कोणाची ते मला माहीत नाही. काही वेळा विसरायच्या. दमल्या की बोट निम्म्यातच थांबायचं, त्या झोपेत गेल्यासारख्या व्हायच्या, मग मी समोरून माझं ताट चमच्याने वाजवायचे. एक जेवण दीड-दीड तास चालायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असायचा आणि मी हळूहळू भात चावत असायचे.

वजनाच्या दिवशी नवरासुद्धा रजा काढून आला. काट्याचा आकडा थोडा हलला, थांबला. वाढला नव्हता फारसा, पण उतरलाही नव्हता, किंचित वरच होता. पाठ बघून डॉक्टर म्हणाले, सुकतेय, नळीचं राहू दे. नवरा खिडकीशी गेला आणि खिडकीची कडी बरोबर लागते का ते बघत बसला. आहारतज्ज्ञ खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि सासूबाईंना म्हणाली, आजी, इतके दिवस आम्ही सगळे सांगून थकलो, डावीकडे बघा, बघा. मग अचानक कसं काय जमलं?

सासूबाईंनी आधी मला शोधलं. मी डावीकडे उभी होते. मान पूर्ण वळवून, बोटाने खुर्चीच्या हाताची कड धरत धरत त्यांची नजर माझ्यापर्यंत आली.

‘सव्वीस वर्सां ही सगळ्यांचा झाल्यावर उभ्यान जेवली,’ त्या म्हणाल्या. ‘हिचा पान कोणी वाढलाच नाय. आता वाढतंय, तर नीट बघूक नको?’